चांदणी, गोठा आणि दोन मजूर: नाताळ प्रकल्पाच्या नोंदी

रविवार, २४ नोव्हेंबर

यंदा वही घातली. दरवर्षी मैदा किती लागला, कामट्या किती आणल्या, कोणाच्या घरी डबा गेला हे कुठल्या तरी बिलाच्या पाठीवर लिहिलेलं असतं, आणि पुढच्या डिसेंबरात ते बिल कुणाच्या बापाला सापडत नाही.

मजूर दोन. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. देखरेखीला आजोबा, म्हणजे माझे सासरे. उभी हयात गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, गेली, त्यामुळे सुताची, दोऱ्याची, गाठीची सगळी खाती त्यांच्याकडे.

पहिली बैठक जेवणाच्या ताटावरच झाली. धाकट्याची मागणी एकच, बर्फ पाहिजे. टीव्हीवरच्या प्रत्येक नाताळात बर्फ असतो, मग आपल्याकडे का नाही? सोलापुरातला नाताळ म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, हे त्याला मंजूर नाही. थोरलीने थर्माकोल किसायचा तोडगा काढला. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे असं सांगितल्यावर ती आजोबांकडे बघायला लागली, जणू बंदी त्यांनीच घातली.

ठरलं ते असं: विकत आणायचं ते कागद, कामट्या, रंग आणि दिव्यांची एक माळ. बाकी सगळं घरातलं, अंगणातलं किंवा शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं. बर्फाचा विषय तहकूब.

रविवार, १ डिसेंबर. आगमनाचा पहिला रविवार

थंडीचा पत्ता नाही. बंगालच्या उपसागरातल्या वादळाचे ढग इथवर आलेत, रात्री पंखा लावून झोपतोय.

चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लागली. नाताळाआधीच्या चार रविवारी अशी एकेक लागते. घरी आम्ही चार मेणबत्त्यांच्या चक्राऐवजी काडेपेट्यांची पाटी केली. रिकाम्या काडेपेट्या चोवीस, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या. १ तारखेपासून २४ पर्यंत रोज एक उघडायची. असली दिनदर्शिका मूळची जर्मनीतल्या घरांतली, तिकडे आत चित्र किंवा चॉकलेट असतं. आमच्याकडे आत चिठ्ठी, आणि चिठ्ठीत काम. चॉकलेट ठेवलं तर धाकटा पहिल्याच दिवशी चोवीस तारखेपर्यंत पोचेल.

आजची चिठ्ठी: शेजारच्या आजींना पाणी भरायला मदत. आज पाण्याचा दिवस होता, चार दिवसांनी आलेलं. दोघांनी मिळून एक कळशी नेली, त्यातली निम्मी जिन्यात सांडली. आजींनी दोघांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. म्हणजे चॉकलेटचं काम झालंच.

शुक्रवार, ६ डिसेंबर

संत निकोलसचा दिवस. सांताक्लॉज ज्याच्यावरून आला तो हा माणूस, चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. जर्मनीत पोरं आदल्या रात्री बूट बाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो, हे मी बोलून गेले. धाकट्याने काल संध्याकाळी चप्पल साबणाने घासून, फडक्याने पुसून उंबऱ्यावर मांडली. सकाळी त्यात कागदात गुंडाळलेली चिक्की.

‘फक्त एकच चप्पल का भरली?’ ही तक्रार दिवसभर चालली.

रविवार, ८ डिसेंबर. चांदणी

आज मोठं काम. ही नोंद जरा लांबते, कारण चांदणीची मापं दरवर्षी नव्याने शोधावी लागतात.

बुरडाकडून चिरलेल्या कामट्या आणल्या. तीन फुटी दहा, वीतभर लांबीच्या पाच. कामटी हातात घेऊन वाकवून बघायची, करकर वाजली तर ती वाळलेली, परत द्यायची. ओलसर कामटी मुकाट्याने वाकते.

पाच कामट्यांची एक चांदणी. टोकाला टोक जोडत जायचं, पण मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे एक वरून, एक खालून अशी घालायची. तेवढं केलं की चांदणी स्वतःला धरून ठेवते, मध्ये एकही गाठ लागत नाही. थोरलीला हे लगेच कळलं, शाळेत कागदी पट्ट्यांची चटई विणतात तेच हे. अशा दोन चांदण्या करायच्या, एकीवर एक ठेवून पाचही टोकं घट्ट बांधायची. मग आतल्या पाच छेदांमध्ये आखूड कामट्या उभ्या खोचायच्या. खोचल्या की दोन्ही चांदण्या मधून फाकतात आणि पोट फुगतं. धाकट्याचं काम आखूड कामट्या पुरवणं. ‘पोट फुगलं, पोट फुगलं’ म्हणत अंगणभर नाचला.

टोकं आजोबांनी बांधली. मी बघत होते. सुताची दोन टोकं चिमटीत धरतात, अंगठ्याच्या नखावरून एक फेरा, एक टोक आत, खेचलं की झालं. डोळे भलतीकडेच. साच्यावर सूत तुटलं की यंत्र थांबायच्या आत जोडावं लागायचं, तीच ही गाठ. थोरलीने हळू करून दाखवा म्हटलं तर त्यांना जमेना. हात थांबले की गाठ विसरते, म्हणाले. मग त्यांनी नेहमीच्या वेगाने पुन्हा पुन्हा बांधून दाखवली आणि तिने मोबाइलवर टिपून सावकाश चालवून बघितली. संध्याकाळी पाचवं टोक तिने बांधलं.

कागद लाल आणि पिवळा. मैद्याची खळ पातळ ठेवायची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं कागद खातात (मोरचूद विषारी, ते मी घातलं, खळ मीच लावली). आत नऊ वॅटचा एलईडी. पूर्वी साठ वॅटचा पिवळा दिवा असायचा आणि दर दोन वर्षांनी कुणाची तरी चांदणी पेटायची.

समोरचे काका जाता जाता थांबले. ‘दिवाळी झाली की, आता कंदील काय करलालाव?’ धाकटा म्हणाला, ‘ही दिवाळी येशूची.’ काका म्हणाले, ‘बरं बरं, फराळ धाडा मग.’

शनिवार, १४ डिसेंबर

थंडी आली. सकाळी तोंडातून वाफ निघाली आणि ‘बर्फ पडणार’ म्हणून पुन्हा सुरू. आज दत्तजयंती, गल्लीत दिवसभर स्पीकर, त्यामुळे गोठ्याचा मुहूर्त उद्यावर.

रविवार, १५ डिसेंबर. गोठा

जागा आयती मिळाली. वाड्याच्या अंगणात पोरांनी दिवाळीत किल्ला केला होता. महाराजांची मूर्ती आणि मावळे ज्याच्या त्याच्या घरी गेले, मातीचा डोंगर तसाच राहिला होता. किल्ला करणारी सगळी टोळी सकाळी हजर, कोण कुठल्या आळीचं, कुठल्या देवाचं, काही प्रश्न नाही. माची सपाट करून तिथे गोठा. बुरुजाच्या जागी बेथलेहेम. उतारावर मोहरी पेरली, दहा दिवसांत हिरवं होईल. किल्ल्यावर तेच करतात.

छप्पर कडब्याचं. दूधवाल्याने पेंढी दिली, पैसे घेतले नाहीत. ज्वारीची धाटं वीतभर कापून सुताने ओवली की झालं छप्पर, पण धाटाची कडा बोट कापते. कापायचं काम मोठ्यांनी, ओवायचं पोरांनी.

जनावरांवरून वाद. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवलं एवढंच आहे, बैल-गाढवाचं नाव नाही. ती आली नंतर. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी खरा बैल आणि खरं गाढव उभं करून नाताळ दाखवला, आणि घरोघरी गोठे मांडायची रीत त्यानंतर पसरत गेली. तो माणूस आपल्याकडे असता तर त्याने खिलार बैलच बांधला असता, असं माझं मत. पांढरा, उंच, शिंगं मागे गेलेली. मातीचा खिलार थोरलीने केला. धाकट्याला म्हैस हवी होती, साधी नाही, पंढरपुरी. तिची शिंगं तलवारीसारखी मागे खांद्यांच्याही पलीकडे जातात. मातीची तेवढी लांब शिंगं ओली असतानाच खाली लोंबायला लागली. शेवटी केरसुणीच्या दोन काड्या वाकवून बसवल्या. म्हैस गोठ्यात शिंगांमुळे मावत नाही, दारात उभी आहे. राहू दे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधी म्हैस दिसते.

मेंढरांना कापूस लावत होतो तर आजोबांनी थांबवलं. ‘पांढरी मेंढरं कुठं बघितलीस गं आपल्याकडं?’ खरंच. दख्खनी मेंढी बहुतेक काळी, म्हणून तर घोंगडी काळी. त्यांच्या जुन्या घोंगडीचा एक कोपरा विरला होता, त्यातली लोकर उपसून मातीवर चिकटवली. कापसाच्या मेंढ्या खेळण्यातल्या वाटत होत्या, या एकदम धनगराच्या झाल्या. अर्ध्या तासात मांजराने एक पळवलीसुद्धा.

मेंढपाळ रात्री रानात जागे का होते, हा थोरलीचा प्रश्न. तिच्या पाठांतरात आहे ते, संडे स्कूलच्या नाटिकेत ती मेंढपाळ आहे. आजोबांनी शेतात मेंढरं बसवायची पद्धत सांगितली. पीक निघालेल्या रानात धनगर रात्री कळप बसवतो, शेताला लेंडी-मुताचं खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. रात्रभर कुत्री सोडून, काठी घेऊन जागायचं, नाहीतर लांडगा किंवा चोर. लूकचा मेंढपाळ कुणाच्या रानात बसला होता ते ठाऊक नाही, पण थोरलीचं समाधान झालं. तिने विचारलं, ‘मग देवदूत आल्यावर कुत्री भुंकली असतील ना?’ नाटिकेत आता एक कुत्रा घातलाय. धाकट्याला भूमिका मिळाली.

गुरुवार, १९ डिसेंबर

मोहरी उगवली. मांजर गोठ्यात झोपतं. बाळाची गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची असते, त्यामुळे सध्या ती मांजराची.

शनिवार, २१ डिसेंबर. फराळ

शंकरपाळ्यांचं माप, कायमचं: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप. साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही. गार झालं की मावेल तेवढा मैदा, साधारण पाच वाट्या, आणि चिमूटभर मीठ. मऊ मळलं की तेलात विरघळतात, घट्ट मळलं की आजोबांच्या दातांची परीक्षा. कातण्याने पट्ट्या पाडायचं काम धाकट्याकडे. त्याच्या शंकरपाळ्यांना चौकोन हा आकार मान्य नाही, पण तळल्यावर कुणी कोन मोजत नाही.

करंज्या माझ्या. चकल्या शेजारच्या काकूंनी पाडून दिल्या, त्यांचा सोऱ्या पितळी आहे आणि हात लोखंडी.

कुलकुल वसईच्या जाऊबाईंनी शिकवलेले. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध, साखर. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, शंख होतो, अंगावर रेघा उठतात. पोरांना द्यायला याहून चांगलं काम नाही. काटे दोनच होते, म्हणून धाकट्याला नवा कंगवा दिला आणि त्याचेच कुलकुल जास्त रेखीव निघाले. दोघं तासभर तोंडातून शब्द न काढता बसली होती. तळण मंद आचेवर, नाहीतर बाहेरून लाल आणि आत पीठ. कढईपाशी पोरं नकोत, हा नियम लाल शाईने.

केक आणि नानकटाई बेकरीत भाजून आणली. आपलं पीठ-तूप न्यायचं, भट्टीचे पैसे द्यायचे. परत आलेल्या पत्र्यात आमच्या नानकटाईत कुणाची तरी खारी बिस्किटं मिसळली होती. पोरांनी ती आधी संपवली.

डबे: वाड्यात सगळ्यांना, आजींना तिखट नको, समोरच्या काकांना चकल्या दुप्पट. दिवाळीत ज्यांचे डबे आले त्यांचे भरूनच परत जातात. एक स्टीलचा डबा कुणाचा आहे ते कळत नाही. झाकणावर नाव कोरलंय पण तेलगूत. शहराच्या पूर्व भागातून, म्हणजे तेलगू वस्तीतून, आलेल्या काकूंना दाखवायचा.

रविवार, २२ डिसेंबर

रात्री साडेदहाला कॅरल पार्टी आली. गिटार एक, बाकी ढोलकी, खंजिरी आणि टाळ. पुण्या-मुंबईचे पाहुणे टाळ बघून चकित होतात. आमच्याकडे ते तसंच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत आणली, आणि अभंगाला टाळ नसेल तर ठेका धरणार कशावर? आजोबा उठून मधे बसले आणि टाळ त्यांच्या हातात गेला. तो परत मिळायला पार्टीला दोन पदं जास्त म्हणावी लागली.

पार्टीबरोबर सांता होता, अंगात लाल झगा, तोंडाला टेरी टॉवेलच्या कात्रणाची दाढी. सोलापुरात दाढीला याहून स्वस्त आणि झुबकेदार काही मिळत नाही. धाकटा आधी माझ्यामागे लपला. मग खाली बघून म्हणाला, ‘ही तर संडे स्कूलच्या दादाची चप्पल.’ सांताने त्याला दोन गोळ्या जास्त देऊन तोंड बंद केलं.

चिवडा, चहा. बारा वाजून गेले.

मंगळवार, २४ डिसेंबर

नाटिका झाली. थोरली आजोबांची घोंगडी पांघरून, खाजत होती तरी काढली नाही. कुत्रा देवदूतावर भुंकला, मग बक्षीस वाटणाऱ्यांवर भुंकला, मग समारोपाच्या प्रार्थनेतही एकदा.

घरी आल्यावर गव्हाणीत बाळ ठेवलं. मातीचं, वर सोलापुरी चादरीचा हातरुमालाएवढा तुकडा. मांजर दुखावलं.

बुधवार, २५ डिसेंबर

नवे कपडे, सकाळची उपासना, येणारे-जाणारे, मटण, बिर्याणी, दुपारी सगळे आडवे. लिहायला काही उरत नाही इतका भरलेला दिवस. दुपारी पंखा लावावा लागला. धाकट्याने खिडकीतून आभाळ बघून बर्फाचा विषय स्वतःच मिटवला: ‘पुढच्या वर्षी.’

पूर्वेकडचे ज्ञानी आजपासून प्रवासाला निघाले. मत्तयने त्यांची संख्या सांगितलेली नाही, पण नजराणे तीन म्हणून बाहुल्या तीन. चपलांच्या मांडणीपासून सुरुवात, रोज रात्री एक टप्पा, ६ जानेवारीला गोठ्यात. तेलगू डब्याच्या काकू विचारत होत्या, हे कुठून आले? ‘पूर्वेकडून,’ थोरली म्हणाली. ‘म्हणजे आमच्या पूर्व भागातलेच की!’ काकू खूष. एका ज्ञान्याला त्यांनी कापडाचा फेटा करून दिला. डबा त्यांच्या बहिणीचा निघाला.

सोमवार, ३० डिसेंबर. येळवस

वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण. यांच्या मित्राचं शेत अक्कलकोटच्या बाजूला, दरवर्षी बोलावणं असतं आणि दरवर्षी काहीतरी आडवं येतं. यंदा शाळेला नाताळची सुट्टी, गेलो.

ज्वारी पोरांच्या डोक्यावरून गेलेली. मधोमध कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप केलेली, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, अंगावर शाल. धाकटा पळत गेला, आत वाकून बघितलं आणि ओरडला, ‘आई, यांनी पण गोठा केलाय!’ मग जरा वेळाने, ‘पण बाळ कुठंय?’

शेतातल्या आजी म्हणाल्या, ‘ह्ये पाच पांडव हैत, बाळा.’

‘पाचही जण एकाच गोठ्यात?’

‘व्हय. भाऊ-भाऊ हैत की.’

त्याला ते पटलं. भावंडांनी एका खोलीत झोपायचं असतं हा त्याचा रोजचा अनुभव.

जेवण कापडावर, जमिनीवर मांडी घालून. भज्जी म्हणजे तूर, वाटाणा, ओला हरभरा, शेंगदाणे, पालेभाज्या, चिंच, सगळं बेसनात शिजवलेलं, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि नव्या मडक्यातली आंबील, ताक आणि ज्वारीच्या पिठाची, गार. घरी भाजीतली मेथी वेचून बाजूला काढणाऱ्या थोरलीने भज्जी तीनदा घेतली. आम्ही नेलेले कुलकुल गड्यांच्या पोरांनी आधी कानाला लावून बघितले, शंख समजून.

दुपारी आगटी. जमिनीत खड्डा, गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कोवळी कणसं खुपसलेली. हुरडा अजून लवकरचा, थोडा पाणीदार, पण गूळभेंडीचा गोडवा आलेला. भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की दाणे सुटतात, फुंकर मारून कोंडा उडवायचा, शेंगाचटणीबरोबर लगेच तोंडात. चोळायला घेतलं की हात पोळतो. धाकट्याने युक्ती काढली, कानटोपी हातात घालून चोळायची. फुंकर मारल्यावर कोंड्याचा फुफाटा उडाला, तो थोरलीच्या केसांवर, स्वेटरवर, सगळीकडे पांढुरका.

‘बर्फ!’ धाकटा म्हणाला आणि त्यापुढे तासभर कुणीही हुरडा खाऊ शकलं नाही. प्रत्येक मूठ हवेत गेली. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे खाजवत होते.

सोमवार, ६ जानेवारी

ज्ञानी पोचले. शेवटचा टप्पा म्हशीच्या शिंगांखालून.

आवराआवर. चांदणीचा कागद काढला, सांगाडा आखूड कामट्या काढून चपटा केला आणि कपाटामागे उभा ठेवला. कुलकुलचा कंगवा डब्यात, बाहेर लिहिलंय ‘डोक्याला लावू नये’. खिलार शाबूत, मेंढरं मांजराने पळवलेली सोडून बाकीची ठेवलेली. म्हैस धाकट्याने उशाशी घेतली आहे. माती गुलाबाच्या कुंड्यांना. कडबा दूधवाल्याला परत, त्याच्या खऱ्या म्हशीने खाल्ला.

पुढच्या वेळी: घोंगडीला आतून मांजरपाटाचं अस्तर, आणि कुत्र्याला आधी जेवण.

मजुरीचा हिशेब राहिला. होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरायला लागलाय, पाळणे उभे राहताहेत. मी वहीत लिहिलं: प्रत्येकी एक पाळणा. थोरलीने खोडून दोन केले. धाकट्याला अजून लिहिता येत नाही, त्याने खाली पाच पाळणे काढून ठेवलेत.